झाडू हातात घेण्याआधी

(सामुदायिक रेडिओवर बचत गटांसाठीच्या कार्यक्रमात जून महिन्यात झालेलं हे बोलणं, थोडं आटोपशीर करून.)

 

मृग लागलाय. कुणाची धूळवाफ पेरणी झाली असेल, कुणी सोयाबीन टोकणणीच्या घाईत असेल. अशा वेळी पुराचं नाव काढलं की घरातली मोठी माणसं म्हणतात, "आत्ताच कशाला अभद्र बोलतीस?" पण आपण पंचगंगा, कृष्णा, वारणेच्या काठच्या बायका. 2005 चा पूर आला तेव्हा मी शाळेत होते. 2019 चा आणि 2021 चा तर आपण सगळ्यांनी अंगावर घेतला. तेव्हा आज बोलूया, आणि कोरड्या अंगणात बसून बोलूया. पाणी दारात आल्यावर कुणाला ऐकायला वेळ नसतो.

आजचा विषय आहे घराचा विमा. म्हणजे पुरानं घराचं नुकसान झालं तर विमा कंपनीकडं दावा कसा करायचा. आपण त्याला क्लेम म्हणतो. पण त्याआधी मला माझी एक चूक सांगायची आहे.

2019 च्या ऑगस्टमधली गोष्ट. आमच्या गटातल्या एका आक्कांचं घर, दोन खोल्या आणि मागं स्वयंपाकघर, सिमेंट-विटांचं. बँकेचं कर्ज काढून बांधलेलं. सहा दिवस घरात खिडकीपर्यंत पाणी होतं. पाणी उतरल्यावर आम्ही गटाच्या बाया गावात आलो तर वास सहन होत नव्हता. चिखल घोट्याच्या वर. मी तेव्हा नुकतीच समन्वयक झाले होते, अंगात उत्साह. मी सगळ्यांना सांगितलं, "चिखल वाळायच्या आत काढा, वाळला की दगड होतो. भिजलेलं सगळं बाहेर टाका, रोगराई नको." दोन दिवसांत आम्ही आक्कांचं घर लख्ख केलं. गाद्या, कपाट, फ्रिज, धान्य, सगळं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून गावाबाहेर. आठव्या दिवशी भिंतींना चुना. मला वाटलं, केवढं काम केलं आपण!

बाराव्या-तेराव्या दिवशी आक्का कर्जाचा हप्ता पुढं ढकलायला बँकेत गेल्या. तिथं कळलं की कर्जाबरोबर घराचा विमा उतरवलेला आहे आणि दरवर्षी त्याचे पैसे खात्यातून कापले जातात. पासबुकात ती ओळ होती. आम्ही कुणी वाचली नव्हती.

मग अर्ज केला. कंपनीचा सर्वेअर आला. भला माणूस होता. त्यानं विचारलं, "पाणी कुठपर्यंत होतं?" आक्कांनी छातीला हात लावला. "भिंतीवर खूण?" तिच्यावर चुना होता. "फोटो?" नव्हते. "खराब झालेले दरवाजे?" मोडीत गेले होते. पंचनाम्याच्या कागदावर एवढंच होतं, ‘घराची अंशतः पडझड’. मागची एक भिंत पडली होती आणि ती अजून तशीच होती. तेवढीच त्याला दिसली. आमच्या हिशेबानं एक लाख चाळीस हजारांचं नुकसान, मंजूर झाले एकतीस हजार. आणि तेही आक्कांच्या हातात आले नाहीत, कर्जखात्यात जमा झाले.

आक्का मला एक शब्द बोलल्या नाहीत. उलट म्हणाल्या, "तुम्ही बाया आला नसता तर मी त्या घरात पाऊल टाकू शकले नसते." पण मला ते लागलं. आम्ही जो चिखल काढला तो त्यांचा पुरावा होता. म्हणून आज माझं पहिलं आणि शेवटचं सांगणं एकच: पाणी ओसरल्यावर झाडू हातात घेण्याआधी मोबाईल हातात घ्या.

आता एक-एक पायरी समजून घेऊया.

पहिलं: आपला विमा आहे का, आणि कशाचा?

गटात मी विचारते, "कुणाकुणाच्या घराचा विमा आहे?" बऱ्याच जणी हात वर करतात. "आहे की ताई, बँकेत वीस रुपये कापतात." मैत्रिणींनो, तो वीस रुपयांचा प्रधानमंत्री सुरक्षा विमा. तो माणसाच्या अपघाताचा आहे. पुरात कुणी दगावलं तर त्याचा दोन लाखांचा दावा वारसाला करता येतो, हे लक्षात ठेवा. पण घराची वीटही त्यात येत नाही. 436 रुपयांचा जीवनज्योती विमा आहे, तो आयुष्याचा. पीकविमा शेतातल्या पिकाचा, आणि त्यात नुकसान झाल्यावर 72 तासांत कळवायची अट ऐकली असेल, ती पिकासाठी. म्हशीचा विमा म्हशीचा. या सगळ्यांत घर कुठंच नाही.

घराचा विमा वेगळा. ज्यांनी घरासाठी कर्ज काढलंय त्यांच्याकडं तो असण्याची शक्यता जास्त, आणि माहीत नसण्याचीही. पण इथंही एक गोम आहे. कर्जाबरोबर दोन तऱ्हेचे विमे दिले जातात. एक, कर्ज घेणारा माणूस गेला तर कर्ज फेडणारा. दुसरा, इमारतीला आग, पूर, भूकंप यांनी धक्का बसला तर भरपाई देणारा. पहिला असेल तर पुरात त्याचा काही उपयोग नाही. म्हणून बँकेत जाऊन नुसतं "विमा आहे का" असं विचारू नका. "माझ्या घराच्या इमारतीची पॉलिसी आहे का, तिची प्रत द्या" असं विचारा. पैसे आपल्या खात्यातून गेलेत, प्रत मागणं हा आपला हक्क आहे.

दुसरं: पॉलिसीत काय बघायचं?

1 एप्रिल 2021 पासून घरासाठी ‘भारत गृह रक्षा’ नावाची एक ठरावीक पॉलिसी आली. विमा नियामक प्राधिकरणानं तिच्या अटी ठरवून दिल्या आहेत. कंपनी कुठलीही असो, या पॉलिसीच्या मूळ अटी सारख्याच. पूर आणि पाणी तुंबणं त्यात येतं. वादळ, आग, वीज पडणं, भूकंप, दरड हेही येतं.

यात रक्कम कशी धरतात ते नीट ऐका. घराची किंमत म्हणजे जागेची किंमत नव्हे. जागा पुरात वाहून जात नाही, बांधकाम जातं. तेव्हा ते घर आज पुन्हा बांधायला काय खर्च येईल, तो आकडा. समजा तुमचं घर आतून सहाशे चौरस फूट आहे आणि तुमच्या भागात गवंड्याचा बांधकामाचा दर चौरस फुटाला पंधराशे रुपये आहे. सहाशे गुणिले पंधराशे, नऊ लाख. ही इमारतीची रक्कम. इमारत आणि सामान दोन्हींसाठी पॉलिसी घेतली तर घरातल्या साध्या सामानाला इमारतीच्या रकमेच्या 20 टक्के संरक्षण आपोआप मिळतं, जास्तीत जास्त 10 लाखांपर्यंत. नऊ लाखांचे 20 टक्के, म्हणजे एक लाख ऐंशी हजार. त्यासाठी सामानाची यादी आधी द्यावी लागत नाही. पण बँकेनं काढलेल्या पॉलिसीत बऱ्याचदा फक्त इमारत असते. आक्कांचं तसंच होतं. त्यांचा फ्रिज आणि कपाट विम्यात नव्हतंच. तेव्हा ‘सामान’ हा शब्द पॉलिसीत आहे का, ते बघा.

याशिवाय पडझडीचा राडारोडा हलवायचा खर्च दाव्याच्या 2 टक्क्यांपर्यंत मिळतो. घर राहण्याजोगं नसेल आणि भाड्यानं राहावं लागलं तर त्या भाड्याचीही सोय आहे. हे कुणी आपणहून सांगत नाही, आपण मागायचं.

काय येत नाही? गाडी येत नाही, तिचा विमा वेगळा. दागिने साध्या सामानात धरत नाहीत, त्यांना जादा संरक्षण घ्यावं लागतं. वाळवीनं पोखरलेली चौकट, आधीपासून तडा गेलेली भिंत, म्हणजे जुनी झीज पुराच्या नावावर चालत नाही. घरात शिवणकामाचा किंवा किराणा मालाचा धंदा असेल तर तो माल घरगुती सामानात येईल असं धरून चालू नका, फॉर्म भरताना सांगा. आणि भिंती-छप्पर कशाचं आहे ते खरं लिहा. कुडाच्या भिंती, गवताचं किंवा ताडपत्रीचं छप्पर असेल तर लपवू नका. एजंट म्हणाला "लिहा पक्कं, कोण बघतंय", तर त्याला सांगा, "पूर आल्यावर सर्वेअर बघतोय."

तिसरं: घर कुणाच्या नावावर?

हे बायकांनी मन लावून ऐका. दावा करताना पहिला प्रश्न येतो, घर कुणाचं? आपल्याकडं उत्तर असतं, "सासऱ्यांच्या नावावर. ते जाऊन दहा वर्षं झाली." किंवा नवरा गेला, पण ग्रामपंचायतीच्या नमुना 8 ला अजून त्याचंच नाव. विधवा बाई त्याच घरात राहते, घरपट्टी भरते, पण कागदावर ती कुठंच नाही. मग विमा काढतानाही अडतं आणि दाव्यालाही अडतं. पंचनाम्यालासुद्धा अडतं.

तर पावसाच्या आधी नमुना 8 चा उतारा काढून बघा. वारसनोंद राहिली असेल तर ग्रामपंचायतीत अर्ज द्या आणि अर्जाची पोच घ्या. नवरा-बायको दोघांच्या नावे घराची नोंद करता येते, त्याचाही अर्ज करा. गावठाणाची ड्रोन मोजणी होऊन ज्यांना मालमत्ता पत्रक मिळालंय त्यांनी त्याची प्रत कागदांत ठेवा.

चौथं: पाणी यायच्या आधीची पिशवी

कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट. हे आकडे आपल्याला पावसाळ्यात रोज ऐकायला येतात. आमच्या गटानं एक नेम केलाय. रेडिओवर किंवा फोनवर ‘39’ ऐकलं की कागदाची पिशवी माळ्यावरून खाली काढायची आणि तिचं तोंड घट्ट बांधायचं. ज्यांचं गाव आधीच पाण्यात जातं त्यांनी त्याहून आधी. ‘43’ ची वाट बघायची नाही.

पिशवीत काय? पॉलिसीची प्रत, नमुना 8, घरपट्टीची पावती, लाईट बिल, आधार, बँक पासबुक, रेशनकार्ड, मोठ्या वस्तूंची बिलं. जाड प्लॅस्टिकची पिशवी, त्यावर आणखी एक. आणि पिशवी भिजली तरी कागद राहावेत म्हणून प्रत्येक कागदाचा मोबाईलवर फोटो काढून तो गावाबाहेरच्या एखाद्या माणसाला पाठवून ठेवा. माहेरी भावाला पाठवा, पुण्यात लेक असेल तर तिला पाठवा.

आणखी एक. आज, या आठवड्यात, कोरड्या घराचे फोटो काढा. प्रत्येक खोलीचे चार कोपरे. कपाट, फ्रिज, टीव्ही, पलंग, भांड्यांची मांडणी. पुरानंतरचा फोटो मोडलेलं दाखवतो. आधीचा फोटो काय होतं ते दाखवतो. दोन्ही शेजारी ठेवले की बोलायचं काम उरत नाही.

पाचवं: पाणी उतरल्यावर

घरात शिरण्याआधी लाईटचा मेन स्विच बंद आहे याची खात्री. हातात काठी, कारण साप आडोशाला बसलेले असतात. भिंत फुगलेली किंवा कललेली दिसली तर आत जायचंच नाही, बाहेरून फोटो घ्यायचे.

मग मोबाईल. बाहेरून सुरुवात करायची, घर क्रमांक दिसला पाहिजे. व्हिडिओ चालू ठेवून आपल्याच तोंडानं बोलायचं, "आज अमुक तारीख, हे माझं घर, घर क्रमांक अमुक, पाणी इथपर्यंत होतं." भिंतीवरची पाण्याची रेघ जवळून घ्या, तिला शिवणकामाची टेप लावून घ्या म्हणजे फूट दिसतील. तडे, फुगलेले दरवाजे, उखडलेली फरशी, विजेचा बोर्ड. फ्रिज-टीव्हीच्या मागं कंपनीचा स्टिकर असतो, मॉडेल नंबर लिहिलेला, त्याचा फोटो. सगळं झालं की लगेच बाहेरगावी पाठवा. तो फोन दुसऱ्या दिवशी चिखलात पडू शकतो.

त्यानंतर झाडू. हो, साफसफाई करायचीच आहे. नुकसान आणखी वाढू नये याची काळजी घेणं ही विम्याचीही अट असते. कुजलेलं धान्य, सडलेलं अन्न टाकून द्या, त्याचा फोटो पुरे. पण दरवाजे, कपाट, गाद्या, फ्रिज, मोटार या वस्तू सर्वेअर बघेपर्यंत अंगणात एका बाजूला ठेवा. गादीचा वास सहन होत नसेल तर तिचा एक तुकडा कापून ठेवा. आणि भंगारवाला पूर उतरला की पहिल्यांदा येतो, त्याला सांगा, "थांब, पंधरा दिवसांनी ये." भिंतीवरच्या रेघेवर चुना नको.

सहावं: कळवायचं कुणाला?

दोन वाटा आहेत, दोन्ही चालायच्या.

एक वाट सरकारी. तलाठी आणि ग्रामसेवक पंचनामा करतात. त्यावर सरकारी मदत मिळते. 2022 ते 2026 साठीच्या राज्य आपत्ती निधीच्या निकषांत सपाट भागात पूर्ण पडलेल्या घराला 1,20,000 रुपये आहेत. निदान 15 टक्के पडझड झालेल्या पक्क्या घराला 6,500, कच्च्याला 4,000. कपड्यांसाठी कुटुंबाला 2,500 आणि भांड्यांसाठी 2,500. ही मदत आहे, भरपाई नव्हे. पण पंचनामा हा आपल्या विम्याच्या दाव्यालाही मोठा आधार असतो. म्हणून पंचनाम्याच्या वेळी घरी थांबा. शेतात काम असलं तरी थांबा. "अंशतः पडझड" एवढं लिहून भागवू देऊ नका. किती भिंती, किती फूट पाणी, किती दिवस, कोणत्या वस्तू, हे लिहायला सांगा. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा नाही. वाचता येत नसेल तर पोरीकडून वाचून घ्या. आणि प्रत मागा, निदान फोटो काढू द्या म्हणा.

दुसरी वाट विमा कंपनीची. पॉलिसीवर कंपनीचा फोन नंबर असतो. पाणी उतरायचीही वाट बघू नका, निवारा छावणीतून फोन करा. पॉलिसी नंबर, नाव, गाव, पाणी घरात कधी शिरलं, एवढं सांगा. ते एक दावा क्रमांक देतात, तो लिहून घ्या. फोन कधी केला, कोण बोललं, तेही वहीत लिहा. त्यानंतर लेखी अर्ज, आणि कर्ज असेल तर बँकेलाही तसाच अर्ज, पोच घेऊन. दाव्याचा फॉर्म ‘भारत गृह रक्षा’त नुकसान लक्षात आल्यापासून 30 दिवसांच्या आत द्यायचा असतो. पण तीस दिवस आहेत म्हणून एकोणतिसाव्या दिवशी नको.

फॉर्मबरोबर दोन कागद जोडा. एक, सामानाची यादी: वस्तू, कधी घेतली, किती रुपयांना, आता काय अवस्था. दुसरा, गवंड्याचा किंवा ठेकेदाराचा दुरुस्तीचा अंदाज. "भिंतीचे पन्नास हजार" असा नको. किती फूट भिंत, किती विटा, किती सिमेंट, मजुरी किती, असा फोडून. खाली त्याची सही, तारीख.

सातवं: सर्वेअर येतो तेव्हा

सर्वेअर हा परवानाधारक माणूस असतो. त्याची फी कंपनी देते, आपण चहा द्यायचा, पैसे नाही. त्याचं नाव, परवाना क्रमांक, फोन विचारून घ्या. तो येईल त्या दिवशी घरची बाई घरी हवीच. पुरुष माणसं भिंती आणि मोटार दाखवतात. पितळेची भांडी, मिक्सर, गोधड्या, पलंगपेटी हे बाईलाच आठवतं. सगळ्या खोल्या दाखवा, मागचं स्वयंपाकघरसुद्धा. कागद दिले त्यांची यादी करून तिच्यावर त्याची सही घ्या. वाढवून सांगू नका. एक खोटी वस्तू सापडली की नऊ खऱ्या वस्तूंवर शंका येते.

2024 च्या नियमांप्रमाणे दावा कळवल्यावर कंपनीनं 24 तासांत सर्वेअर नेमायचा, त्यानं 15 दिवसांत अहवाल द्यायचा, आणि अहवाल मिळाल्यावर कंपनीनं 7 दिवसांत निर्णय द्यायचा. मोठ्या पुरात रस्तेच बंद असतात, थोडं मागंपुढं होतं. पण ही मुदत आपल्याला माहीत असली की विचारायला तोंड राहतं. त्याच नियमांत असंही आहे की केवळ कागद नाहीत म्हणून दावा फेटाळता येत नाही. पुरात बिल वाहून गेलं असेल तर खचून जाऊ नका, दुसरा पुरावा शोधा.

कुठला दुसरा पुरावा? इथं मला पुन्हा आक्कांची गोष्ट सांगायची आहे.

2021 च्या जुलैत पुन्हा पाणी आलं. पण त्या वर्षी मे महिन्यात आक्कांनी पॉलिसी नवी करताना इमारतीबरोबर सामानही घेतलं होतं. पिशवी पाठीला बांधून त्या छावणीत गेल्या. पाणी उतरल्यावर आम्ही सगळ्या बाया फावडी घेऊन दारात उभ्या, आणि आक्का म्हणाल्या, "थांबा गं, आधी माझी पोरगी फोटो काढू दे." आम्ही तासभर उंबऱ्याबाहेर उभ्या राहिलो.

तरी सगळं सरळ झालं नाही. भिंती, दरवाजे, वायरिंग मंजूर झालं, पण फ्रिज आणि कपाटाची रक्कम कापली. कारण, बिल नाही. मग आम्ही सर्वेअरच्या अहवालाची प्रत मागितली. दावेदाराला ती मागता येते. आणि मग आठवलं: पहिल्या पुरानंतर आक्कांनी फ्रिज आणि कपाट गटाच्या कर्जातून घेतलं होतं! आमच्या कर्ज नोंदवहीत तारीख, रक्कम, कारण, सगळं लिहिलेलं. बैठकीच्या इतिवृत्तात ठराव, त्यावर दहा जणींच्या सह्या. त्या पानांच्या प्रती, आणि दिवाळीत काढलेला घरातला एक फोटो, त्यात मागं फ्रिज दिसत होता. हे जोडून कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला पत्र लिहिलं. दीड महिन्यानं त्या दोन वस्तूंचे पैसे आले. सगळं मिळून पाच महिने गेले. गोधड्या आणि धान्याचं मनासारखं मिळालं नाही. पण त्या वर्षी आक्कांना घर उभं करायला सावकाराचं दार वाजवावं लागलं नाही.

आपली बचत गटाची वही आपण फक्त ऑडिटसाठी लिहितो असं वाटतं ना? ती पुरावासुद्धा आहे. म्हणून ‘घरखर्चासाठी’ असं मोघम कारण लिहू नका. फ्रिज घेतला तर ‘फ्रिज’ लिहा. आणि वही सचिवाच्या घरी खालच्या फळीवर नको, माळ्यावर ठेवा.

शेवटचं: नाही म्हणाले तर?

दावा नाकारला किंवा रक्कम फार कमी आली तर कारण लेखी मागा. ‘पूर्ण व अंतिम रक्कम मिळाली’ असा कागद पुढं आला तर आधी वाचा. पटत नसेल तर सही करण्याआधी आपलं म्हणणं लेखी द्या.

पहिली तक्रार कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडं. तिथं दाद लागली नाही तर विमा नियामक प्राधिकरणाची ‘बीमा भरोसा’ ही सोय आहे, फोन 155255 किंवा 1800 4254 732, फोनला पैसे पडत नाहीत. कंपनीनं एक महिन्यात उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं उत्तर पटलं नाही तर विमा लोकपालाकडं जाता येतं. आपल्याला पुण्याचं कार्यालय. तिथं फी नाही, वकील लागत नाही. 50 लाखांपर्यंतच्या तक्रारी चालतात. कंपनीच्या नकारानंतर एका वर्षाच्या आत जायला हवं. आपलं म्हणणं साध्या मराठीत लिहिलं तरी चालतं, तारखा मात्र बरोबर हव्यात. म्हणून ती वही.

आणि कर्ज असेल तर एक गोष्ट आधीच विचारून ठेवा. पॉलिसीत बँकेचं नाव असेल तर भरपाई बँकेकडं जाऊ शकते. मंजुरी आली की लगेच शाखेत जाऊन लेखी विनंती करा की रक्कम दुरुस्तीसाठी द्यावी. मागितलं तर विचार होतो, न मागता खात्यात वळती होते. पहिल्या वेळी आम्ही मागितलंच नव्हतं.

तर मैत्रिणींनो, या महिन्याच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की अर्धा तास थांबा. प्रत्येकीनं पासबुक आणावं. कुणाच्या खात्यातून विम्याचे पैसे कापले जातात ते सगळ्यांनी मिळून शोधावं. नमुना 8 वर कुणाचं नाव आहे ते बघावं. ज्यांच्याकडं चांगला मोबाईल आहे त्यांनी ज्यांच्याकडं नाही त्यांच्या घराचे फोटो काढून ठेवावेत. ज्यांचा विमा नाही त्यांनी दोन कंपन्यांकडून हप्ता विचारावा आणि मग ठरवावं. ते परवडलं नाही तरी पिशवी आणि फोटो यांना पैसे पडत नाहीत, आणि पंचनाम्याला ते कामी येतातच.

यंदा पूर न येवो, हीच अंबाबाईच्या चरणी प्रार्थना. पण आलाच, तर एकमेकींच्या दारात फावडं घेऊन जाल तेव्हा उंबऱ्यावर थांबून आधी विचारा, "आक्का, फोटो काढले का?"

नमस्कार.